अर्ध्या मिनिटाची चाल : अशोक पत्की आणि आमच्याकडचे ऑर्गनवाले

(पॉडकास्टच्या भागाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

धान निघालं, दिवाळी झाली, वडशाच्या कंपन्यांच्या तारखा भराभर लागायला लागल्या. आता होळीपर्यंत आमच्या झाडीपट्टीत कोणत्या ना कोणत्या गावात रोज नाटक. मंडई आहे, शंकरपट आहे, पाव्हणे आहेत, आणि रात्रभर जागरण आहे. तर आजचा विषय त्याच जागरणातून आलाय.

एका श्रोत्याचा व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला. पंचविशीतला मुलगा, झाडीपट्टीच्या नाटकांत कीबोर्ड वाजवतो. नाव-गाव मी सांगत नाही. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की रात्री दहाला बसतो ते पहाटेपर्यंत वाजवतो, प्रवेशांना पार्श्वसंगीत देतो, नाटकातल्या तीन गाण्यांना चालीसुद्धा त्यानेच लावल्या. पण घरी विचारतात, हे वाजवणं ठीक आहे बाबू, पण पुढं काय? आणि त्याने मला विचारलं की सिरियलला, सिनेमाला संगीत देणारे लोक कुठून येतात? त्यांना काय येतं जे मला येत नाही?

आता मी काही संगीतकार नाही. मी ऐकणारा माणूस. पण प्रश्न चांगला आहे, आणि त्याचं उत्तर उपदेशानं देता येणार नाही. एका माणसाची गोष्ट सांगतो. अशोक पत्की.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, हे कोण? हेच तर आहे. नाव माहीत नसेल, पण चाल माहीत आहे. दूरदर्शनवर ‘गोट्या’ मालिका लागायची, नव्वदच्या आसपास, ना. धों. ताम्हणकरांच्या पुस्तकावरची. तिचं शीर्षकगीत आठवा. मधुकर आरकडे यांचे शब्द. आठवलं ना? आत्ता ओठ हलले असतील तुमचे. ती चाल अशोक पत्कींची. अल्फा मराठीवरच्या, म्हणजे आताच्या झी मराठीवरच्या, ‘आभाळमाया’चं शीर्षकगीत, मंगेश कुलकर्णींचे शब्द आणि देवकी पंडित यांचा आवाज, ती चाल पत्कींची. ‘वादळवाट’, तीही त्यांचीच. धारा तेलाची जाहिरात, झंडू बामची जाहिरात, त्यांच्याच चाली. आणि रेडिओवर सुमन कल्याणपूर यांचं ‘केतकीच्या बनी’ लागतं, अशोकजी परांजपे यांचं गीत, तेही पत्कींचंच.

बघा, तेल, बाम, मालिका आणि केतकीचं बन. एका माणसानं.

जन्म १९४१ चा, २५ ऑगस्ट. मोठ्या गायकीच्या घराण्यात वगैरे जन्म नाही. बहीण मीना पत्की गायची, कार्यक्रम करायची, आणि हा भाऊ पेटीवर साथ करायचा. सुरुवात तिथून. मग सुमन कल्याणपूर यांच्याबरोबर पेटीची साथ, तीही वर्षानुवर्षं. मग जितेंद्र अभिषेकी यांच्याकडे नाट्यसंगीतात सहाय्यक. म्हणजे आयुष्याची पहिली कितीतरी वर्षं हा माणूस दुसऱ्याच्या गाण्यामागे बसून होता.

इथे मी जरा थांबतो, कारण आमच्या कीबोर्डवाल्या भावासाठी हाच मुद्दा सगळ्यात मोठा आहे असं मला वाटतं.

साथीला बसणारा माणूस काय शिकतो? गाणारी बाई श्वास कुठे घेते हे शिकतो. कोणत्या अक्षरावर तिचा आवाज उघडतो, कुठे दबतो, कोणती पट्टी तिला सोयीची आणि कोणती नुसती हौसेची, हे त्याला सांगावं लागत नाही, बोटांनाच कळतं. शाळेत बसून हे येत नाही. आणि म्हणून पुढे पत्कींनी सुमनताईंसाठी ज्या चाली केल्या, ‘केतकीच्या बनी’, ‘नाविका रे’, ‘एकदाच यावे सखया’, त्या ऐकताना असं वाटतच नाही की चाल आधी झाली आणि गळा नंतर शोधला. चाल त्या गळ्यातच वाढल्यासारखी वाटते. मला स्वतःला या तिन्हीत ‘नाविका रे’ जास्त आवडतं. कधी रात्री एकटे असाल तर ऐका, त्यात चालीची लाट कुठे उचलते आणि कुठे सोडून देते ते.

आता आमच्याकडचा ऑर्गनवाला काय करतो? तेच करतो की! नायिकेला आज सर्दी झाली, अर्धा सूर खाली घे. खलनायक वाक्य विसरला, दोन मिनिटं ओढून धर. विनोदी नट पब्लिकचा हशा पाहून जागेवरच चार वाक्यं वाढवतो, तिथे ठेका भर. मुंबईच्या स्टुडिओत हे शिकायला मिळत नाही, तिथे चुकलं की पुन्हा घेतात. इथे पुन्हा घ्यायला वाव नाही, समोर हजारो माणसं बसलेली असतात थंडीत, शेकोट्या करून.

नाटकावरून आठवलं. विजय चव्हाणांची ‘मोरूची मावशी’ सगळ्यांना ठाऊक आहे. आचार्य अत्र्यांचं नाटक, आणि ती मावशी ज्या गाण्यावर नाचत यायची, त्या गाण्याचं संगीत अशोक पत्की. साडी नेसलेला बाप्या आणि पुढ्यात लोटपोट हसणारं पब्लिक हे आमच्या दंडारीला नवीन नाही, आमच्याकडे बाईचं काम पुरुषच करत आले. पण त्या गाण्यात गंमत काय आहे सांगू? शब्द जवळजवळ निरर्थक आहेत, सगळा विनोद ठेक्यात बसवलाय. नटाला नाचायला जागा ठेवली, हशाला जागा ठेवली. ज्याने आयुष्यभर साथ केली तोच अशी जागा सोडू शकतो. नुसता हुशार संगीतकार ती जागा वाद्यांनी भरून टाकतो.

बरं, आता जिंगल.

जिंगल म्हटलं की आपल्याकडे नाक मुरडतात. जाहिरातीचं गाणं, त्यात काय! मी जरा हिशोब मांडतो, तबला वाजवणाऱ्यांनी चूक असेल तर सांगावी. जाहिरात समजा ३० सेकंदांची. लय मिनिटाला ९६ मात्रांची धरा, म्हणजे ना संथ ना फार जलद. तीस सेकंदांत ४८ मात्रा मिळतात. केरवा आठ मात्रांचा. म्हणजे हातात किती? सहा आवर्तनं. त्यातलं शेवटचं मालाच्या नावाला द्यावंच लागतं, नाहीतर पैसे देणारा उठून जाईल. एक आवर्तन सुरुवातीच्या म्युझिकला गेलं. राहिली चार. त्या चार आवर्तनांत मुखडा सांगा, माणसाच्या डोक्यात घालून ठेवा, आणि बाहेर पडा. विलंबित ख्याल गाणारा बुवा तेवढ्या वेळात एकतालाच्या पहिल्या आवर्तनाच्या मध्यावर असतो, अजून सम आलेली नसते! दोन्ही संगीतच आहे. मी बुवांना कमी म्हणत नाही. पण सहा आवर्तनांत लोकांच्या तोंडी पन्नास वर्षं राहील अशी चाल बांधणं ही साधी गोष्ट नाही, एवढंच म्हणतो. आणि पत्कींनी अशा जिंगल्स हजारोंनी केल्या. रोजचं काम. सकाळी तेल, दुपारी साबण.

आता यात एक दुखणं आहे. सिनेमाच्या गाण्याला रेकॉर्डच्या वेष्टनावर संगीतकाराचं नाव येतं, रेडिओवर निवेदक नाव घेतो. जाहिरातीला काय? काहीच नाही. कंपनीचं नाव तीन वेळा, चाल करणाऱ्याचं एकदाही नाही. पैसे एकदा मिळतात, विषय संपतो, आणि मग ती जाहिरात दहा वर्षं वाजो की वीस. पोरं अंगणात लंगडी खेळताना तीच चाल म्हणतात, आणि ज्याने केली तो माणूस लोकलमधून शेजारी बसून गेला तरी कळत नाही.

‘मिले सुर मेरा तुम्हारा’ घ्या. १५ ऑगस्ट १९८८ ला पहिल्यांदा दूरदर्शनवर आलं. पीयूष पांडे यांचे शब्द, भैरवीचा आधार, सुरुवातीला भीमसेन जोशी. त्याच्या संगीतामागे भीमसेनजींबरोबर लुई बँक्स आणि अशोक पत्की ही नावं आहेत. आम्ही काय केलं? पंचायतीच्या टीव्हीसमोर बसून चेहरे ओळखण्याची शर्यत लावली. हा कमल हासन, हा अमिताभ, ही लता. हे सगळे सूर एका माळेत ओवले कोणी, हे आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही. कोण विचारणार?

त्याच सुमारास राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झालं, तेही १९८८ चंच. त्याची फिल्म होती, ‘पूरब से सूर्य उगा’. तिचं संगीतही पत्कींचं. आमच्याकडे रात्रीचे साक्षरता वर्ग भरायचे, कंदिलावर. तेव्हाची म्हातारी माणसं, बाराखडी राहिली की नाही देव जाणे, पण ती चाल गुणगुणताना मी ऐकलीये.

आणि हे गडचिरोलीत फार महत्त्वाचं आहे, मंडळी. त्या एका जिल्ह्यात सात भाषा बोलल्या जातात. गोंडी, माडिया, मराठी, हिंदी, तेलुगू, बंगाली, छत्तीसगढी. सिरोंच्याला जा, बाजारात तेलुगू ऐकाल. मुलचेऱ्याकडे बंगाली वस्त्या. भामरागडात माडिया. अशा ठिकाणी हिंदी किंवा मराठी शब्द उंबऱ्यापर्यंत पोचतात आणि कधी कधी तिथेच थांबतात. चाल आत जाते. शब्द न कळणारी आजी टाळ्या धरते. म्हणजे ज्या माणसाचं काम सगळ्यांच्या घरात गेलं, त्याचंच नाव दाराबाहेर राहिलं.

मालिकांचं शीर्षकगीत हे जिंगलचंच मोठं भावंड. त्याचं काम काय असतं? लोक म्हणतात मालिकेचा आशय सांगणं. माझं मत वेगळं आहे. शीर्षकगीताचं पहिलं काम म्हणजे स्वयंपाकघरातल्या बाईला हाक मारणं. ती टीव्ही पाहत नसते तेव्हा, भाकरी थापत असते, पाठ टीव्हीकडे असते. पहिल्या चार सुरांत तिला कळलं पाहिजे की सुरू झालं. म्हणजे हे गाणं डोळ्यांसाठी बनतच नाही, भिंतीपलीकडच्या कानासाठी बनतं. ‘वादळवाट’ २००३ ला सुरू झाली तेव्हाची आमची परिस्थिती आठवा. वीजकेंद्र आमच्या दारात, राख आमच्या छपरावर, आणि लोडशेडिंगही आमच्याच वाट्याला! ज्या घरी इन्व्हर्टर, त्या घरी गल्ली गोळा. आणि हाक कशाने जायची? त्या चालीने. तिकडून पहिला सूर आला की इकडून बाया पदराला हात पुसत निघाल्याच.

आता जरा उलटं बोलतो, नाहीतर म्हणाल नुसती आरती चाललीये. त्या दहा वर्षांत मराठी मालिकांची शीर्षकगीतं एका साच्यात गेली. बासरीची एक फिरत, मग कोरस, मग एक हळवा अंतरा, आयुष्य-नाती-वळणं असे शब्द. दोष पत्कींचा नाही, पण त्यांच्या यशाचा आहे. एकाचं चाललं की दहा जण तेच मागतात, आणि निर्माता संगीतकाराला सांगतो, तसंच काहीतरी द्या. खुद्द त्यांच्याकडूनही ‘तसंच’ मागितलं गेलं असणार, इतकी त्यातली काही गाणी एकमेकांची चुलत भावंडं वाटतात. ‘आभाळमाया’ मात्र आजही वेगळी उभी राहते, तिच्या चालीला घाई नाही म्हणून. आणि आता तर प्रश्नच मिटला. मोबाईलवर मालिका पाहता, कोपऱ्यात बटण येतं, गाणं वगळा. बोट आपोआप तिथे जातं. शीर्षकगीत दहा सेकंदांवर आलंय.

सिनेमाचं राहिलंच. सिनेमे त्यांनी बरेच केले, पण राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो ‘अंतर्नाद’ या कोकणी चित्रपटाला, राजेंद्र तालक यांच्या. सर्वोत्कृष्ट संगीत दिग्दर्शनाचा, २००६ सालासाठीचा. म्हणजे तेव्हा वय पासष्ट! सरकारी नोकरीत असते तर निवृत्त होऊन सात वर्षं झाली असती. देशातल्या सगळ्या भाषांच्या, सगळ्या मोठ्या बॅनरच्या संगीतातून एका छोट्या कोकणी सिनेमाचं संगीत निवडलं गेलं. चाळीस वर्षं पेटी, साथ, तेल, साबण, मालिका, आणि मग हे. त्यांनी ‘सप्तसूर माझे’ नावाचं आत्मचरित्र लिहिलंय, मिळालं तर वाचा.

आपल्या विदर्भाचा एक माणूसही सांगून ठेवतो, कारण वाट एकच असते असं नाही. आनंद मोडक. अकोल्याचा जन्म, १९५१ चा. पुण्यात बँक ऑफ महाराष्ट्रात नोकरी केली आणि सोबत ‘महानिर्वाण’ नाटकाचं संगीत दिलं, पुढे ‘कळत नकळत’, ‘चौकट राजा’, ‘एक होता विदूषक’, ‘मुक्ता’, ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ असे सिनेमे. २०१४ ला गेले. त्यांची वाट पगाराच्या आधाराने मनासारखं काम निवडण्याची. पत्कींची वाट समोर येईल ते काम मनासारखं करण्याची. कोणती बरी? ज्याच्या घरी जसं भागतं तशी. मला विचाराल तर झाडीपट्टीच्या पोरांना पत्कींची जास्त ओळखीची वाटेल, कारण आमच्याकडे निवडीला वाव कमी. आज सामाजिक नाटक, उद्या ऐतिहासिक, परवा डाकूचं, आणि पैसे रात्रीचे.

आता त्या भावाच्या प्रश्नाकडे. त्यांना काय येतं जे तुला येत नाही? स्टुडिओचं काम येतं. स्वरलिपी लिहिता येते, वादकांना वाचायला देता येते, कॉम्प्युटरवर एकेक वाद्य वेगळं रेकॉर्ड करता येतं, मिनिट-सेकंदात मोजून चाल बांधता येते. हे शिकता येतं, नागपूरला येतं, आता तर मोबाईलवरही येतं. घड्याळ लावून तीस सेकंदांची चाल रोज एक कर. वर्षाला तीनशे पासष्ट होतील, त्यातल्या पाच बऱ्या निघतील. तुला जे येतं, म्हणजे समोरच्या जिवंत माणसाच्या श्वासाबरोबर वाजवणं, ते मात्र त्यांच्यातल्या अनेकांना आता येत नाही.

आणि दुसरं, हे सगळ्यांनीच ऐका, गीतं लिहिणाऱ्यांनीही. कायदा बदललाय. २०१२ ला कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. आधी निर्माता एका कागदावर सही घ्यायचा, सगळे हक्क कायमचे त्याचे, तुझा संबंध संपला. आता सिनेमात किंवा रेकॉर्डिंगमध्ये चाल गेली, तर थिएटरात सिनेमा दाखवणं सोडून बाकी जिथे जिथे ती वापरली जाईल, तिथल्या रॉयल्टीतला वाटा गीतकार-संगीतकाराला सोडून देताच येत नाही. सही केली तरी ती सोडचिठ्ठी चालत नाही, वारसांना आणि हक्क वसूल करणाऱ्या सोसायटीला देणं एवढाच अपवाद. ती सोसायटी म्हणजे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, १९६९ पासूनची. ज्यांच्या चाली ध्वनिमुद्रित झाल्यात त्यांनी सभासद होण्याची चौकशी करावी. पत्कींच्या पिढीने जिंगल्सचा डोंगर उभा केला तेव्हा हे संरक्षण नव्हतं.

झाडीपट्टीत मात्र एक अडचण आहे, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आमची निम्मी गाणी गाजलेल्या सिनेमाच्या चालीवर बसवलेली असतात. शब्द गावच्या कवीचे, चाल मुंबईची. पब्लिकला आवडतं, मान्य. पण ती चाल तुझी नाही भाऊ, तिच्यावर तुझा हक्क नाही, आणि उद्या नाटकाचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला की ते लगेच कळतं. ज्या तीन चाली तू स्वतः केल्यास, त्या आज रात्री फोनवर गाऊन ठेव. तारीख म्हण, नाटकाचं नाव म्हण, कवीचं नाव म्हण. कंपनीच्या मालकाशी चार ओळींचा का होईना, कागद कर. मालक तुझा काका असला तरी कर.

एक गोष्ट आमच्याकडे चांगली आहे बरं का. वडशाच्या कंपन्यांची पत्रकं काढून बघा, जी मी पाहिलीत त्यांवर तरी नटनट्यांच्या खाली बारीक अक्षरांत का होईना पण ऑर्गन कोण, तबला कोण, ऑक्टोपॅड कोण हे छापलेलं असतं. पानटपरीवर चिकटलेल्या त्या रंगीत कागदावर वादकाला जी जागा मिळते, ती तेलाच्या जाहिरातीत देशातल्या एवढ्या मोठ्या संगीतकाराला कधी मिळाली नाही. फक्त ‘संगीत’ असं लिहून पुढे चाल करणाऱ्याचं नाव स्वतंत्र टाकायची पद्धत पडली पाहिजे. वाजवणारा आणि चाल लावणारा एकच असला तरी दोनदा छापा, शाई किती लागते!

कंपनीवाले ऐकत असतील तर या हंगामापासूनच करा. आणि श्रोत्यांनो, तुमच्या गावच्या नाटकाचं पत्रक दिसलं की फोटो काढून पाठवा, वादकांची नावं वाचता येतील असा. पुढच्या भागात त्यातली काही नावं वाचून दाखवीन. आजच्यापुरतं इतकंच. नमस्कार.